व्हितेलच्या बाटलीचा सातबारा

फ्रान्सच्या ईशान्येला, व्होज जिल्ह्यात, व्हितेल नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. त्या गावच्या पाण्याची बाटली फिरवून पाहिली की मागे बारीक अक्षरात एक तक्ता सापडतो. कॅल्शियम २४०, मॅग्नेशियम ४२, सोडियम ५.२, बायकार्बोनेट ३८४, सल्फेट ४००. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. याच यादीत एक किरकोळ वाटणारा आकडा असतो : नायट्रेट, साडेचारच्या आतबाहेर.

असा तक्ता मला सातबाऱ्यासारखा वाचायची सवय आहे. नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते कळतं, नमुना बारामध्ये त्या जमिनीत पीक काय घेतलं ते. पाण्याचंही तसंच. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट ही खडकाची मालकी. नायट्रेट ही पीक पाहणी. व्हितेलमध्ये सगळं महाभारत घडलं ते या दुसऱ्या नोंदीवरून.

आधी थोडा इतिहास. १८५४ मध्ये लुई बुलूमिए नावाच्या वकिलाने इथला झरा विकत घेतला. मूतखडा, संधिवात, यकृताच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांसाठी इथे स्नानगृहं, हॉटेलं, कसिनो उभे राहिले. त्यातल्या इमारतींना पॅरिसच्या ऑपेरा हाउसचा वास्तुविशारद शार्ल गार्निए याचा हात लागला. लोक पाणी प्यायला गावात येत होते, पुढे पाणीच बाटलीत बसून लोकांकडे जाऊ लागलं. १९६९ मध्ये नेस्लेने कंपनीत हिस्सा घेतला आणि १९९२ मध्ये पूर्ण ताबा. बाकी तपशिलात शिरायचं कारण नाही.

नमुना सात : खडक

या भागात जमिनीखाली मुशेलकाल्क नावाचा खडकांचा गट आहे. शब्द जर्मन, अर्थ शिंपल्यांचा चुनखडक. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. समुद्र भरलेला असताना शिंपले साठले, त्यांचा चुनखडक आणि डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडक) झाला. मधल्या काळात तो आटत गेला तेव्हा जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे, थर बसले. मिठागर जवळून पाहिलेल्यांना हे नवं नाही : पाणी आटताना मीठ धरण्याआधी जिप्सम बसतं. बाटलीतलं सोडियम फक्त ५.२ आहे. म्हणजे हे पाणी जिप्समपर्यंत पोचलं, मिठाच्या थराला मात्र शिवलेलं नाही.

याच परिसरातल्या तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की खडक बोलायला लागतो. व्हितेलचा 'ग्रांद सूर्स', म्हणजे थोरला झरा. शेजारच्या कॉन्त्रेक्सव्हिलचं कॉन्त्रेक्स. आणि व्हितेलमधलंच हेपार. (हेपार म्हणजे ग्रीक भाषेत यकृत. जाहिरात नावातच उरकली आहे.) सल्फेट पाहा : व्हितेल ४००, कॉन्त्रेक्स ११२१, हेपार १५३०. तिघांत जवळजवळ चौपटीचा फरक. आता बायकार्बोनेट : ३८४, ३७२, ३८४. जागचं हललेलंच नाही.

याचं कारण मला फार आवडतं. पाऊस मातीतून मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतो, त्या सौम्य आम्लात चुनखडक विरघळतो, आणि थोड्याच अंतरात पाण्याची चुना घ्यायची ताकद संपते. बायकार्बोनेट तिथे थांबतं. जिप्समला आम्लाची गरज नसते, ते नुसत्या पाण्यातही विरघळतं, लिटरला साधारण अडीच ग्रॅमपर्यंत. म्हणजे पाणी जिप्समच्या सहवासात जितकं जास्त राहील तितकं सल्फेट चढेल. हेपारचा १५३० हा आकडा त्या मर्यादेच्या काठावरचा आहे, त्याहून फारसं चढायला जागाच नाही.

आता मॅग्नेशियम : ४२, ७४.५, ११९. जिप्सममध्ये मॅग्नेशियमचा कणही नसतो, मग सल्फेटबरोबर हे का चढतं? जिप्सम विरघळलं की पाण्यात कॅल्शियमची गर्दी होते. त्या गर्दीने आधी विरघळलेला चुना पुन्हा खाली बसतो. चुना बसला की डोलोमाइटला विरघळायला वाव मिळतो, आणि डोलोमाइटमधून मॅग्नेशियम येतं. एक जण रांगेत शिरला की दुसऱ्याला बाहेर पडावं लागतं आणि त्याच्या जागी तिसरा येतो, तसं. तीन बाटल्यांच्या पाठीवरचे नऊ आकडे, आणि जमिनीखाली काय चाललंय ते न खोदता कळतं.

तक्ता खरा आहे का, हे तपासायची एक घरगुती रीतही आहे. पाण्यात धन आणि ऋण भार सारखेच असले पाहिजेत. व्हितेलच्या कॅल्शियमला २० ने भागा, १२ आले. मॅग्नेशियमला १२ ने भागा, ३.५ आले. जमेची बाजू साडेपंधरा. सल्फेटला ४८ ने भागा, ८.३, बायकार्बोनेटला ६१ ने भागा, ६.३. खर्चाची बाजू १४.६. किरकोळ क्षार सोडले आहेत हे धरलं तर ताळेबंद बराच जुळतो.

हे पाणी आपल्या स्वयंपाकघरात आलं असतं तर? कॅल्शियमची अडीच पट आणि मॅग्नेशियमची चार पट धरून बेरीज केली की कठीणपणा सुमारे ७७० येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. उकळलं तरी बायकार्बोनेटच्या वाटचा तीनशेसव्वातीनशेचा कठीणपणा किटलीला पांढरा थर धरून जाईल, सल्फेटच्या वाटचा तसाच राहील. म्हणजे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आपण बोअरला शिव्या घालतो, त्याच जातीचं हे पाणी, आणि ते तिकडे पैसे मोजून पितात! दारावर टीडीएस मीटर घेऊन येणाऱ्या आरओ विक्रेत्याला हेपार दाखवलं पाहिजे. त्याचा कोरडा अवशेष, म्हणजे पाणी आटवल्यावर उरणारे क्षार, लिटरला २५१३ मिलिग्रॅम आहे, आपल्या मानकाच्या २००० च्या शेवटच्या मर्यादेच्याही वर. फ्रान्समध्ये ते पोट साफ होण्यासाठी आणि मॅग्नेशियमसाठी घेतात. जास्त सल्फेट रेचक असतं, त्यामुळे दावा अगदी हवेतला नाही.

एक खुलासा इथेच करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण स्टेशनवर 'मिनरल वॉटर' मागतो आणि जे मिळतं ते बहुतेक वेळा मिनरल वॉटर नसतं. बाटलीवर नीट वाचलं तर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असं असतं, मानक आयएस १४५४३. पाणी कुठलंही चालतं. बोअरचं असो वा नळाचं, आरओतून काढायचं, जंतू मारायचे, चवीपुरते क्षार परत घालायचे. खऱ्या नैसर्गिक मिनरल वॉटरचं मानक वेगळं आहे, आयएस १३४२८. युरोपात तर याबाबत फार कडक नियम आहेत. पाणी जमिनीखालचं हवं, उगमापाशीच जंतूंच्या दृष्टीने निर्धोक हवं, त्याची घडण कायम तीच राहिली पाहिजे, आणि त्यावर निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया करायची नाही. लोह, मँगनीज असे अस्थिर घटक काढायची ठरावीक मुभा आहे. नायट्रेट काढायची नाही.

आपल्याकडचा कारखानदार बोअरमध्ये नायट्रेट वाढलं तर आरओचं पटल बदलून मोकळा होतो. व्हितेलला हा दरवाजाच बंद होता.

नमुना बारा : मका

व्हितेलच्या थोरल्या झऱ्याचं पाणलोट क्षेत्र सुमारे ५,१०० हेक्टर. पूर्वी या भागात कुरणं होती. गाई चरायच्या, हिवाळ्यासाठी गवत वाळवून ठेवलं जायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूध वाढवायची चढाओढ लागली आणि कुरणं मोडून मका आला. मक्याचा मुरघास केला की गाय दूध जास्त देते, हे आपल्याकडच्या दूधवाल्यालाही सांगायला नको. प्लॅस्टिकने झाकलेले आणि वर जुने टायर टाकलेले मुरघासाचे ढीग गोठ्याशेजारी उभे राहिले.

मका आणि पाणी यांचं वैर नेमकं कुठे आहे ते पाहण्यासारखं आहे. मका उन्हाळ्यात वाढतो आणि शरदात कापला जातो. त्यानंतर रान उघडं. मातीत उरलेलं नत्र, वरून टाकलेलं शेणखत, यातून जीवाणू नायट्रेट तयार करत राहतात, आणि ते उचलायला जमिनीत एकही जिवंत मूळ नसतं. नेमक्या त्याच दिवसांत तिकडचा पाऊस जमिनीत मुरतो. उन्हाळ्यातला बराचसा पाऊस पिकंच पिऊन टाकतात, भूजलाला भर मिळते ती हिवाळ्यात. आपल्या उलट. तेव्हा उघड्या रानातलं नायट्रेट सरळ खाली उतरतं. कुरणात असं होत नाही, कारण गवताची मुळं बारमाही असतात.

१९८० च्या दशकात झऱ्यातलं नायट्रेट वाढण्याची चिन्हं दिसू लागली. पिणाऱ्याला त्यातून अपाय होईल अशी ती पातळी नव्हती. पिण्याच्या पाण्यासाठी युरोपची मर्यादा ५० आहे आणि झरा तिच्या कितीतरी खाली होता. धोका होता तो 'घडण कायम' या दोन शब्दांना. ते गेले तर बाटलीवरचं नाव जाणार.

कंपनीपुढे वाटा फार नव्हत्या. प्रक्रिया करणं बेकायदा. दुसरीकडे झरा शोधावा तर नाव व्हितेलचं राहणार नाही. शेतकऱ्यांवर खटले भरावेत तर ते कायद्याच्या आतच होते; ५० च्या मर्यादेत राहणाऱ्याला कोर्ट काय सांगणार? सगळी जमीन विकत घ्यावी तर गाव रिकामं करून झरा वाचवणारी कंपनी म्हणून बोभाटा झाला असता. जमीन मिळाली तितकी घेतली, बाजारभावापेक्षा जास्त देऊन घेतली, पण तेवढ्याने भागणारं नव्हतं.

१९८९ मध्ये फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेला, इन्राला, बोलावलं गेलं. जाँ-पिएर देफोन्तेन आणि मार्क बनुआ या संशोधकांच्या गटाने काम हातात घेतलं. त्यांचा शहाणपणा मला असा वाटतो की त्यांनी प्रश्न पाण्याचा म्हणून मांडलाच नाही. शेतकऱ्याचं घर चालून, दूध निघून, म्हातारपणी शेत पोराच्या हाती देता येऊन नायट्रेट कमी कसं होईल, असा मांडला. पाण्याच्या प्रश्नावर काम करायला आलेली माणसं गोठ्यात बसून कर्जाचे हप्ते आणि मजुरीचे तास मोजू लागली.

त्यांनी काढलेलं लक्ष्य ऐका. झऱ्यात ४.५ राखायचं तर मुळांच्या थराखाली उतरणाऱ्या पाण्यात नायट्रेट १० च्या वर जाता कामा नये. कागदावर साधं दिसतं. मी एकदा आपल्या भाषेत गणित करून पाहिलं. समजा हेक्टरवर वर्षाला २०० मिलिमीटर पाणी खाली मुरलं, म्हणजे वीस लाख लिटर. लिटरला १० मिलिग्रॅम धरलं तर २० किलो नायट्रेट, आणि त्यात नत्र साडेचार किलो. आपल्याकडची युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र साधारण वीस किलो. म्हणजे अडीच एकरातून वर्षभरात पाव गोणीपेक्षाही कमी नत्र निसटलं तर चालेल, त्याच्या वर नाही. एवढं काटेकोर शेत मक्याला जमत नाही.

म्हणून अटी तशाच निघाल्या. मका बंद. रासायनिक खतं-औषधं बंद. जनावरांची संख्या हेक्टरी एकाच्या आसपास. गाईंना वाळलं गवत आणि शेतातलंच धान्य, फेरपालटात लसूणघास. शेण-मूत्र कच्चं टाकायचं नाही, सगळ्याचं कंपोस्ट करायचं, आणि ते मोजून टाकायचं.

कोणता दूध उत्पादक हे ऐकून घेईल? पहिली काही वर्षं कोणी घेतलंच नाही. ज्या मक्यावर गोठा उभा केला, कर्ज काढून यंत्रं घेतली, तो मका चूक होता असं बाटलीवाल्याने येऊन सांगायचं, हे पचणं कठीणच. शिवाय पाणी विकून पैसा कमावणार कंपनी आणि शेती बदलायची आम्ही, हा सवाल होताच, आणि रास्त होता.

१९९२ मध्ये कंपनीने आग्रिव्हेर नावाची वेगळी संस्था काढली, कचेरी पाणलोटातच ठेवली. बोलणी तिच्यामार्फत, एकेका घराशी. देणं-घेणं असं ठरलं : करार १८ ते ३० वर्षांचे. जमिनीपायी झालेलं कर्ज कंपनीने उचलायचं, जमीन कंपनीच्या नावावर, कसायला मात्र शेतकऱ्याकडेच, तीस वर्षांपर्यंत. नवीन गोठा, यंत्रं यांसाठी शेतामागे दीड लाख युरोपर्यंत. सुरुवातीची काही वर्षं हेक्टरी साधारण २०० युरो, उत्पन्नातली तूट भरून काढायला. आणि कंपोस्ट शेतात टाकायची मजुरी फुकट.

मला वाटतं या शेवटच्या कलमाने सगळ्यात जास्त काम केलं. कंपोस्ट पसरायचं काम वेळखाऊ, अंगमेहनतीचं, आणि त्यातून दूध एक थेंब वाढत नाही. असं काम पैसे देऊन 'करा' म्हणून सांगितलं तर माणूस ते पुढे ढकलतो. कंपनीची माणसं येऊन करून जातात म्हटल्यावर ढकलायला काही उरत नाही. आणि जो खत पसरतो त्याला खत किती पडलं तेही माहीत असतं. वेगळा तपासनीस ठेवायला नको.

सगळे शेतकरी वळायला दहाएक वर्षं लागली. २००४ पर्यंत उरलेल्या २६ च्या २६ शेतांनी नवी पद्धत घेतली होती. आधीची संख्या चाळिशीच्या घरात होती. काही म्हातारे झाले, काहींनी विकून सोडलं, आणि त्यांच्या जमिनी उरलेल्यांना मिळाल्या. यशाच्या गोष्टीत हा आकडा फार कोणी मोठ्याने सांगत नाही. पहिल्या सात वर्षांचा खर्च सुमारे २ कोटी ४० लाख युरो.

हे प्रकरण जगभर पर्यावरण-अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात : निसर्गाच्या सेवेचा मोबदला कसा द्यावा याचा नमुना म्हणून. माझं मत थोडं वेगळं. इथे पैसे देणारा एकच होता, त्याच्याकडे बाटलीमागे नफा होता, आणि घेणारे दोन-तीन डझन होते. सगळ्यांना एकमेकांची नावं माहीत. आपल्याकडे एखाद्या पाणलोटात दोन हजार खातेदार, तुकड्या-तुकड्यांची जमीन, आणि पाण्याचा धनी म्हणजे ग्रामपंचायत. तिथे हाच आराखडा उचलून लावू म्हणणाऱ्याने आधी सातबाऱ्यांची चळत मोजावी.

दुसरा झरा

व्हितेलच्या नावाने आणखी एक पाणी विकलं जायचं, 'बोन सूर्स', मुख्यतः जर्मनीत. बाटलीवर नाव तेच, पण तक्ता पाहिला की पाणी वेगळं हे लगेच कळतं : कॅल्शियम ९४, मॅग्नेशियम २०, सल्फेट १२०. जिप्समचा संबंध फारच कमी. हे पाणी मुशेलकाल्कच्या खालचं, ट्रायासिक काळाच्या सुरुवातीच्या वालुकाश्मातलं. वर जाड आवरण असल्याने मका असो वा कुरण, तिथवर काही लगेच पोचत नाही. नायट्रेटच्या दृष्टीने सुरक्षित.

पण जे आवरण घाण अडवतं तेच पाऊसही अडवतं. या थराला भर अतिशय मंद गतीने मिळते. बाटल्यांचा कारखाना, परिसरातला एक चीज कारखाना आणि गावांचे नळ असे सगळे त्यातूनच उपसत आले, आणि पातळी दशकानुदशकं उतरत गेली. तूट वर्षाला सुमारे दहा लाख घनमीटर मोजली गेली. तोडगा म्हणून दुसरीकडून नळाने पाणी आणून गावाला द्यायचं, असा प्रस्ताव पुढे आला. म्हणजे गावकऱ्यांनी बाहेरचं पाणी प्यायचं आणि गावचं पाणी बाटलीतून बाहेर जायचं! लोक भडकले, आणि २०१९ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

एकाच कंपनीने, एकाच गावात, वरच्या थरासाठी शेतकऱ्याच्या शेणाचा हिशोब ठेवला आणि खालच्या थराची पातळी उतरत असताना त्यातून बाटल्या भरल्या. विसंगती वाटते, पण तक्ता हातात घेतला की उलगडा होतो. नायट्रेट वाढलं तर ते बाटलीवर छापावं लागतं. भूजलाची पातळी पाच मीटर उतरली तर तक्त्यातला एकही आकडा हलत नाही.

फेरफार

मे २०२३ मध्ये हेपारच्या विहिरींपैकी दोन बंद ठेवाव्या लागल्या. कधी कोरड, कधी धो-धो पाऊस अशा हवामानात उगमाचं पाणी स्थिर राखणं अवघड झालं होतं. चुनखडकाचं असंच असतं. भेगांतून पाणी झटकन उतरतं, आणि मोठ्या सरीबरोबर पृष्ठभागावरचं काहीबाही सोबत येतं.

जानेवारी २०२४ मध्ये नेस्ले वॉटर्सने कबूल केलं की तिच्या फ्रान्समधल्या काही पाण्यांवर अतिनील किरण आणि सक्रिय कोळशाची गाळणी वापरली गेली होती. नैसर्गिक मिनरल वॉटरला याची परवानगी नाही. अन्नसुरक्षेसाठी ते केलं, असं कंपनीचं म्हणणं. सप्टेंबर २०२४ मध्ये व्होजमधल्या प्रकरणात, परवानगीविना चालवलेल्या विहिरी आणि ही प्रक्रिया यांबद्दल, कंपनीने एपिनालच्या सरकारी वकिलांशी तडजोड करून २० लाख युरो भरायचं मान्य केलं.

कोळशाची गाळणी कीटकनाशकांचे अंश धरून ठेवते. अतिनील किरण जंतू मारतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बायकार्बोनेट यांना दोन्हींचा स्पर्श होत नाही. साडेचारचं नायट्रेटही साडेचारच राहतं. गाळणीच्या आधीचं आणि नंतरचं पाणी प्रयोगशाळेत देऊन हाच तक्ता मागवला असता तर दोन्ही कागद सारखेच आले असते. नमुना सात बरोबर, नमुना बारा बरोबर. फेरफाराची नोंद मात्र बाटलीवर कुठेच नव्हती.